कलकत्त्याचे स्विस घड्याळ

मराठीत भिंतीवरच्या यंत्राला घड्याळ म्हणतात, टेबलावरच्यालाही घड्याळच म्हणतात, आणि खिशात किंवा मनगटावर बाळगावयाच्या यंत्रालाही दुसरा शब्द नाही. इंग्रजीने यासाठी दोन स्वतंत्र शब्द केले. आपल्याला त्याची गरज भासली नाही, कारण घटिकेवरून आलेला हा शब्द यंत्राचा आकार सांगत नाही, त्याचे काम सांगतो. बंगालीतही एकच शब्द आहे. तो लिहितात 'घडी', पण उच्चारतात 'घोडी'. त्यामुळे कलकत्त्यात नव्याने आलेल्या मराठी माणसाला यजमान मोठ्या अभिमानाने आजोबांची घोडी अजून चालते असे सांगू लागले, म्हणजे क्षणभर काहीच उमजत नाही. ही 'घोडी' बहुधा कपाटाच्या खणातून बाहेर येते. जुन्या रुमालात गुंडाळलेली, चांदीच्या झाकणाची, पांढऱ्या तबकडीची. तबकडीच्या पायथ्याशी, सहाच्या आकड्याखाली, भिंगातूनच वाचता येईल इतक्या बारीक अक्षरांत 'स्विस' असा शब्द असतो. ही वस्तू कलकत्त्याला आली कशी, आणि आज तिचे मोल काय समजावे, याविषयी चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. जुन्या वाड्यातील टोले देणारे प्रत्येक घड्याळ स्विस असते, अशी अनेकांची समजूत आहे. वस्तुस्थिती बरीचशी उलट आहे. आपल्याकडच्या दिवाणखान्यांत टांगलेली लंबकाची घड्याळे बहुतांशी अमेरिकेहून, जर्मनीहून अगर इंग्लंडहून आली. दर तासाला कोकिळा बाहेर काढणारे जे घड्याळ चित्रांतून आणि चित्रपटांतून स्वित्झर्लंडच्या नावावर जमा झाले आहे, तेसुद्धा मूळचे जर्मनीतील काळ्या अरण्याच्या प्रदेशातले. हावडा स्टेशनवरील 'बडी घडी', जिच्याखाली भेटण्याचे संकेत कलकत्त्याच्या कित्येक पिढ्यांनी ठरविले, ती १९२६ साली बसविली गेली आणि ती घडविली इंग्लंडातील लेस्टरच्या जेंट्स कंपनीने. स्वित्झर्लंडचे खरे सामर्थ्य लहान वस्तूत होते. जे तळहातावर मावते, जे डोंगर ओलांडून पडशीतून नेता येते, आणि ज्याच्या किमतीत धातूपेक्षा कारागिरीचा वाटा मोठा असतो, तेच त्या देशाने जगाला विकले. ज्या देशाला समुद्रकिनारा नाही, कोळसा नाही आणि लोखंडही बेताचेच, त्याला दुसरा व्यापार परवडणाराही नव्हता.

या धंद्याचा उगम धर्मकारणात आहे, हे ऐकून नवल वाटेल. सोळाव्या शतकात जिनीव्हात कॅल्व्हिनचे शासन कडक झाले आणि दागदागिन्यांच्या दिखाऊपणावर बंधने आली. सोनारांचे हात रिकामे झाले. त्याच सुमारास फ्रान्समधून छळाला कंटाळून पळालेले प्रॉटेस्टंट कारागीर तेथे आश्रयाला आले आणि त्यांच्यात घड्याळजी होते. दागिना निषिद्ध, पण घड्याळ उपयुक्त! सोनारांनी आपली कला या उपयुक्त वस्तूवर ओतली. १६०१ साली जिनीव्हात घड्याळजींचा संघ स्थापन झाला. तेथून हा व्यवसाय ज्युरा पर्वताच्या खोऱ्यांत पसरला, आणि त्या प्रसाराशी दानिएल ज्याँरिशार या कारागिराचे नाव निगडित आहे. ज्युरात हिवाळ्याचे चार-पाच महिने शेत बर्फाखाली असते. शेतकरी खिडकीपाशी बसून कोणी केवळ चाके, कोणी केवळ काटे, कोणी केवळ स्क्रू घडवू लागला. वसंत ऋतूत व्यापारी हे भाग गोळा करी व जुळवी. आपल्याकडे मागावरचे सूत जसे घरोघर कातले जाई, तसाच हा प्रकार. एकूण घड्याळ कसे होते हे त्या शेतकऱ्यांपैकी पुष्कळांना ठाऊकही नसेल.

मग या व्यवसायाला दोन हादरे बसले आणि त्या दोहोंचा आपल्या देशाशी संबंध पोचतो. पहिला हादरा आतून आला. रोस्कोप नावाच्या, जन्माने जर्मन पण ला शो-द-फों या गावी स्थायिक झालेल्या घड्याळजीने मजुराला परवडेल असे घड्याळ करण्याचा ध्यास घेतला. भागांची संख्या ५७ वर आणून त्याने ते २० फ्रँकांत विकावयास काढले, आणि १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याला पदकही मिळाले. प्रतिष्ठित घड्याळजींनी त्याची थट्टा केली. तथापि पुढे जगभर खपलेल्या स्वस्त घड्याळांचा पाया त्याने घातला. दुसरा हादरा अमेरिकेतून आला. १८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात अमेरिकनांनी यंत्रावर एकसारखे भाग पाडून केलेली घड्याळे मांडली. एका घड्याळाचे चाक काढून दुसऱ्यात बसवावे आणि ते बिनतक्रार चालावे, ही गोष्ट हाताने कानस फिरविणाऱ्या देशाला चक्रावून टाकणारी होती. सेंत-इमिए गावच्या लोंजीन कारखान्याचा इंजिनियर जाक दाविद हा प्रकार पाहून आला आणि त्याने आपल्या देशबांधवांना लेखी इशारा दिला, की यंत्रे घ्या, नाहीतर धंदा गेला असे समजा. थोडी कुरकुर झाली, पण यंत्रे आली. १८८० नंतर हिंदुस्थानच्या बंदरांत जी स्विस घड्याळे उतरू लागली, ती या नव्या यंत्रयुगाची अपत्ये होत.

आता कलकत्त्याकडे वळू. या शहरात घड्याळजीच्या धंद्याला जी प्रतिष्ठा लाभली, ती क्वचितच अन्यत्र लाभली असेल, आणि तिचे श्रेय डेव्हिड हेअर या स्कॉटिश गृहस्थाला आहे. तो १८०० साली घड्याळजी म्हणून कलकत्त्यात आला. दुकान चांगले चालले, पैसा मिळाला. पण दुकानात घड्याळे घेऊन येणाऱ्या बंगाली गृहस्थांशी बोलता बोलता त्याचे लक्ष त्यांच्या मुलांच्या शिक्षणाकडे गेले. १८१७ साली हिंदू कॉलेजच्या स्थापनेत तो अग्रभागी होता. पुढे धंदा विकून तो संपूर्णपणे शाळांच्या कामाला लागला, आणि १८४२ साली पटकीने मरण पावला. कॉलेज स्क्वेअरमध्ये त्याची समाधी आहे. बंगालच्या नवशिक्षणाचा एक प्रमुख शिल्पकार पेशाने घड्याळजी असावा, हा योगायोग मला तरी फार मनोज्ञ वाटतो.

हेअरनंतर कलकत्त्यात इंग्रजी पेढ्यांची रीघ लागली. त्यांतील कुक अँड केल्वी ही १८५८ साली सुरू झालेली पेढी विशेष नामांकित. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात गेलेल्यांना तेथील संगीत घड्याळ आठवत असेल. तास भरत आला की लोक त्याच्यासमोर दाटी करून बसतात आणि एक चिमुकला दाढीवाला बाहेर येऊन घंटेवर टोले देतो. ते घड्याळ कलकत्त्याच्या याच पेढीकडून आलेले आहे. घडण इंग्रजी, पण नाव कलकत्त्याचे. येथे जुन्या घड्याळांच्या अभ्यासकाला पहिला धडा मिळतो. तबकडीवरचे नाव नेहमी करणाऱ्याचे असतेच असे नाही. पुष्कळदा ते विकणाऱ्याचे असते. कुक अँड केल्वीचे नाव धारण करणारी मनगटी घड्याळे उघडून पाहावीत, तर आतले यंत्र स्विस निघते.

खास स्विस व्यापारी आपल्या देशात आले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. फाव्र-ल्युबा हे घराणे १८६५ साली हिंदुस्थानात आले आणि मुंबईत त्यांचे नाव इतके रुजले, की मराठी मध्यमवर्गातल्या कित्येक जावयांच्या मनगटावर लग्नात हेच घड्याळ चढले. कलकत्ता व मुंबई या दोन्ही शहरांत बस्तान बसविणारी दुसरी संस्था म्हणजे वेस्ट एंड वॉच कंपनी. हे नाव १८८६ च्या सुमाराचे. नाव लंडनच्या एका झगमगीत भागाचे, माल स्विस, आणि गिऱ्हाईक हिंदी! साम्राज्याच्या काळातील व्यापाराची नाडी त्या स्विस गृहस्थांनी किती अचूक ओळखली होती, हे त्या नावावरूनच दिसते. सेंत-इमिए हेच तिचेही मूळ गाव असल्यामुळे तिच्या अनेक घड्याळांत लोंजीनची यंत्रे बसविलेली आढळतात. घोडदळातील शिपायाला आपण स्वार म्हणतो. तोच शब्द इंग्रजी वळणाने 'सोवार' करून या कंपनीने आपल्या एका घड्याळमालिकेला दिला. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या वाळूत लढलेल्या हिंदी पलटणींत या कंपनीची घड्याळे पोचली होती. खिशातले घड्याळ मनगटावर आले तेही मुख्यतः त्याच युद्धात. खंदकात पडलेल्या माणसाला खिशात हात घालावयास सवड नसते.

सैन्याइतकेच मोठे गिऱ्हाईक म्हणजे रेल्वे. बंगाल-नागपूर रेल्वे ही कंपनी १८८७ साली स्थापन झाली आणि तिचे मुख्य कार्यालय कलकत्त्याच्या गार्डन रीचला होते. याच रेल्वेच्या निमित्ताने विदर्भातील काही मराठी कुटुंबे हुगळीकाठी येऊन राहिली. गार्ड, स्टेशनमास्तर, इंजिनचालक यांना घड्याळ ही चैन नव्हती. एकेरी मार्गावर समोरून येणारी गाडी दोन मिनिटे चुकली तर काय होईल, हे निराळे सांगावयास नको.

परंतु बरोबर वेळ म्हणजे कोणती वेळ, हा प्रश्न त्या काळी आजच्याइतका सोपा नव्हता. १ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानची प्रमाणवेळ सुरू झाली, ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. कलकत्त्याने मात्र आपली स्थानिक वेळ, म्हणजे ग्रिनिचच्या पुढे ५ तास ५३ मिनिटे २० सेकंद, ही १९४८ पर्यंत सोडली नाही. मुंबईचा हट्ट त्याहूनही चिवट. ४ तास ५१ मिनिटांची मुंबई वेळ तेथे १९५५ पर्यंत टिकून होती. कलकत्त्याच्या नगरवेळेवर लावलेले घड्याळ घेऊन कोणी मुंबईला उतरला, तर ते तेथील नगरवेळेच्या १ तास २ मिनिटे २० सेकंद पुढे असे. मधल्या प्रवासात रेल्वेची वेळ आणखी तिसरी. बिचाऱ्या स्विस घड्याळाने अचूक चालण्याची पराकाष्ठा करावी, आणि दोन शहरांनी ते चुकते आहे असे खुशाल म्हणावे!

त्या अचूकपणाचे मर्म समजल्याशिवाय मोलाची चर्चा पोकळ ठरेल, म्हणून दोन शब्द यंत्राविषयी. घड्याळाला चावी दिली की आतली मुख्य कमान गुंडाळली जाते. ती सुटू पाहते आणि सुटताना चाकांची माळ फिरवू लागते. तिला मोकळे सोडले तर क्षणार्धात सगळी शक्ती संपून जाईल. म्हणून माळेच्या शेवटी एक दात्यांचे चाक आणि त्याला अडविणारा, सोडणारा, पुन्हा अडविणारा एक लहानसा तरफदांडा असतो. तो अडविण्या-सोडण्याचा ताल धरतो ते डोलचक्र, आणि त्या चक्राला मागेपुढे डोलविते ती केसासारखी बारीक कमान. कानाशी ऐकू येणारी टिकटिक म्हणजे हीच अडकणूक. जुन्या स्विस घड्याळात ती सामान्यतः सेकंदाला ५, म्हणजे तासाला १८,००० वेळा होते. दिवसाचा हिशेब केला तर संख्या ४,३२,००० भरते. पुराणांनी कलियुगाची जेवढी वर्षे मोजली आहेत, नेमकी तेवढीच! कमानीवर चालणारे ते खिशातले यंत्र रोज एक कलियुग मोजून संपविते, असे म्हटले तर गणिताच्या दृष्टीने चूक नाही. दिवसाला एक मिनिट चुकणारे घड्याळ आपण वाईट म्हणतो. पण एक मिनिट हा दिवसाचा १,४४० वा भाग. एवढी चूक पोटात ठेवून वर्षानुवर्षे चालणारी दुसरी कोणती मानवनिर्मित वस्तू घरात आहे, याचा विचार करून पाहावा.

इतक्या वेळा घासल्या जाणाऱ्या आसांसाठी धातू पुरत नाही. तेथे माणकाचे बारीक छिद्र पाडलेले खडे बसवितात. ही युक्ती फातियो द द्युईये या स्विस गणितज्ञाची. १७०४ साली तिचे पेटंट मात्र त्याने लंडनला घेतले. झाकणाच्या आत '१५ ज्वेल्स' असे लिहिलेले पाहून आतल्या माणकांवर आपण श्रीमंत होऊ अशी आशा काहींना वाटते. ती सोडून द्यावी. ते खडे दागिन्याच्या कामाचे नसतात, आणि विसाव्या शतकातील घड्याळांत तर बहुधा कारखान्यात केलेले असतात.

या सर्व यंत्रांचा वैरी म्हणजे कलकत्त्याची हवा. आषाढ-श्रावणात तेथे कपाटातल्या चामड्याच्या चपलेवर बुरशी चढते. मग पोलादी स्क्रू आणि केसकमान यांची काय कथा? केसकमानीवर तांबड्या गंजाचा एक ठिपका पडला की तिचा ताल बिघडला. वंगणाचे तेल वाळून डिंकासारखे होते, आणि तशा अवस्थेत केवळ चालते का पाहू म्हणून चावी दिली, तर आसांची टोके झिजतात. मिनाकारीच्या पांढऱ्या तबकड्या मात्र या हवेला पुरून उरतात. त्यांना केसासारखी चीर पडेल, पण रंग ढळणार नाही. रंगविलेल्या किंवा चांदीचा मुलामा दिलेल्या तबकड्यांवर काळपट डाग पसरतात. हे डाग घालविण्याच्या मोहातून जे अनर्थ होतात, त्यांकडे आता यावयाचे आहे.

माझ्या परिचयाचे एक मराठी कुटुंब दक्षिण कलकत्त्यात तीन पिढ्या राहिले आहे. आजोबा नागपूरहून रेल्वेच्या नोकरीसाठी आले. त्यांच्या मागे राहिलेल्या वस्तूंत चांदीच्या झाकणाचे, वेस्ट एंड नावाचे एक खिशातले घड्याळ निघाले. नातवंडे तिघे. थोरल्याचे म्हणणे, चांदीच्या भावाने मोडून पैसे वाटून घ्यावेत. मधल्या बहिणीला ते झळझळीत करून, नवी तबकडी चढवून दिवाणखान्यात मांडावयाचे होते. धाकटा अमेरिकेत असतो, त्याला ते तिकडे हवे होते. तिघांनी मला मध्यस्थ केले, आणि सरकारी माणसाला सगळे नियम ठाऊक असतात या भाबड्या समजुतीमुळे मला या विषयाचा पुन्हा अभ्यास करावा लागला.

थोरल्या बंधूंचा हिशेब सर्वांत जुना आणि सर्वांत घातक आहे. सोन्याचांदीचे भाव वाढले की घड्याळांची झाकणे मुशीत जातात व आतले यंत्र उघडेनागडे डब्यात पडून राहते. अशी अनाथ यंत्रे जुन्या घड्याळजींच्या खणांतून पाहावयास मिळतात. घर मोडून विटा विकाव्यात असाच हा व्यवहार. तरीही धातूची परीक्षा करावीच, कारण झाकणाच्या आतल्या खुणा घड्याळाचे वय व कूळ सांगतात. स्वित्झर्लंडने १८८० च्या कायद्याने धातूच्या शुद्धतेसाठी चित्रमुद्रा ठरविल्या. ८०० शुद्धतेच्या चांदीवर वनकोंबडा, ८७५ वर अस्वल. ब्रिटिश बाजारासाठी पुढे ९३५ शुद्धतेची चांदी आली, तिच्यावर तीन अस्वले. १४ कॅरट सोन्यावर खार, १८ कॅरटवर हेल्व्हेशिया देवीचे मस्तक. आमच्या झाकणात तीन अस्वले निघाली, तेव्हा त्या घरातल्या मुलांना झालेला आनंद चांदीच्या भावात मोजता येणार नाही. 'स्विस' किंवा 'स्विस मेड' हे शब्दही कालदर्शक आहेत. ब्रिटनमध्ये १८८७ साली आणि हिंदुस्थानात १८८९ साली व्यापारी चिन्हांचे कायदे झाले. परदेशी माल इंग्रजी वाटेल अशा वेशात विकण्याला त्यांनी पायबंद घातला, आणि मूळ देशाचे नाव घड्याळावर घालण्याचा प्रघात पडला.

भगिनींचा बेत वरवर निरुपद्रवी वाटतो, पण जाणकार याच गोष्टीला सर्वाधिक भितात. जुन्या घड्याळाचे निम्मे मोल त्याच्या तबकडीत असते. ती पुसून नव्याने रंगविली की अक्षरांचे वळण बदलते, सेकंदाचे लहान वर्तुळ किंचित सरकते, आणि घड्याळ आपला चेहरा हरवून बसते. बाजारात अशा रंगविलेल्या तबकड्यांचा सुळसुळाट आहे. एकाचे यंत्र, दुसऱ्याचे झाकण आणि तिसऱ्याचे काटे जुळवून ऐतिहासिक म्हणून विकलेली घड्याळेही थोडी नाहीत. स्वतःच्या आजोबांचे, डाग पडलेले पण अस्सल घड्याळ अशा चकचकीत संकरापेक्षा शतपटीने बरे. झाकणाला वारंवार घासून चकाकी आणू नये. त्यावर कोरलेली आद्याक्षरे आणि खुणा त्याने झिजतात. आणखी एक गोष्ट जपावयाची. ज्या जुन्या तबकड्यांचे आकडे अंधारात चमकत असत, त्यांवर रेडियमचा रंग असे. चमक केव्हाच विझलेली असते, पण रेडियमचा प्रभाव निम्मा व्हावयास १,६०० वर्षे लागतात. असे घड्याळ मुलांच्या हाती देऊ नये आणि काच उघडून तो रंग खरवडू तर मुळीच नये.

मोल ठरविणारी दुसरी गोष्ट म्हणजे वस्तूची हकीकत. गांधीजींच्या कमरेला लटकणारे एक खिशातले घड्याळ झेनिथचे होते. ही कंपनी १८६५ साली ल लोक्ल या गावी निघालेली. १९४७ साली रेल्वेप्रवासात ते घड्याळ चोरीस गेले, आणि काही महिन्यांनी चोराने स्वतः येऊन ते परत केले. २००९ साली न्यूयॉर्कच्या लिलावात हे घड्याळ, चष्मा, चपला, ताटली आणि वाटी मिळून १८ लाख डॉलरांना गेले. त्याच बनावटीचे दुसरे घड्याळ पुढ्यात ठेवले, तर त्याला त्या किमतीचा सहस्रांशही मिळणार नाही. यंत्र तेच, काटे तेच, पण हात निराळा. उलट काही घड्याळांचे मोल त्यांच्या कल्पकतेत असते. १९३१ साली निघालेले, तबकडी उलटी फिरवून आत दडविता येणारे 'रेव्हर्सो' हे हिंदुस्थानात पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या काचा वारंवार फुटत म्हणून योजले गेले, असे त्याचे कर्ते सांगतात. १८६२ साली स्थापन झालेला पोलो क्लब ज्या शहरात आहे, त्या कलकत्त्याला ही कथा सहज आपली वाटावी. 'ॲटमॉस' हे टेबलावरचे घड्याळ तर त्याहूनही विलक्षण. रेटर या इंजिनियरने १९२८ साली कल्पिलेल्या या यंत्राला चावीच लागत नाही. हवेच्या उष्णतेतील चढउतारावर ते चालते, आणि एका अंशाचा फरक त्याला सुमारे दोन दिवस पुरतो.

आमच्या रेल्वेच्या घड्याळाला अशी कीर्ती नाही. मग ते कोणाला विकावे? कलकत्त्यात रसेल स्ट्रीटवर लिलावाच्या पेढ्यांची जुनी परंपरा आहे. १९४० साली निघालेल्या रसेल एक्स्चेंजमधील रविवारचे लिलाव प्रसिद्ध आहेत. देश सोडून गेलेल्या साहेबांचे आणि खर्चाला टेकीस आलेल्या जमीनदारांचे सामान अशाच पेढ्यांवर हातोड्याखाली आले. लिलावात घड्याळाची किंमत त्या सकाळी तेथे कोण उभा आहे यावर ठरते. दोन शौकीन समोरासमोर आले तर भाव चढतो, पाऊस पडला तर उतरतो. म्हणून लिलावातील एका आकड्यावरून आपल्या घड्याळाची किंमत ठरविणे चुकीचे होय. लालबाजारनजीकच्या राधाबाजारात घड्याळांचा जुना बाजार आहे. तेथील वृद्ध कारागीर डोळ्याला भिंग लावून यंत्राकडे ज्या नजरेने पाहतात, ती मला अधिक विश्वासाची वाटते. पण या कारागिरांची संख्या ओसरते आहे. १९६१ साली बंगळूरला जपानच्या सिटिझनच्या साहाय्याने एचएमटीची घड्याळे निघू लागली, तेव्हा कमानीच्या घड्याळाला या देशात नवे आयुष्य मिळाले होते. १९६९ च्या नाताळात जपानी सायकोने स्फटिकावर चालणारे मनगटी घड्याळ बाजारात आणले, आणि तो तिसरा हादरा खुद्द स्वित्झर्लंडला उन्मळून टाकणारा ठरला. १९७० साली तेथे या व्यवसायात सुमारे ९०,००० माणसे होती, ती १९८० नंतरच्या चारपाच वर्षांत ३०,००० वर आली. २०१६ साली आपल्या एचएमटीचे घड्याळ-कारखाने बंद करण्याचा निर्णय झाला. एखाद्या केसकमानीला हाताने सरळ करणारा माणूस गेला, की त्याच्या हातातील विद्येची दुसरी प्रत कोठे मिळत नाही. म्हणून मी कोणत्याही कुटुंबाला सांगेन, की विकावयाचे की ठेवावयाचे हा वाद मागाहून घाला. घड्याळ एकदा जाणत्या हातांनी उघडून, धुऊन, तेल घालून घेण्याचे काम आधी करा.

राहिला प्रश्न धाकट्या बंधूंचा, आणि तेथे माझा सरकारी पेशा थोडासा कामास आला. १९७२ च्या पुरावस्तूविषयक कायद्याप्रमाणे १०० वर्षांहून जुनी, कलेची अगर कारागिरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते. अशी वस्तू कोणाही खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. आजोबांचे घड्याळ आहे आणि ते नातवाच्या खिशात आहे, एवढ्याने कायदा मवाळ होत नाही. वय शंभराच्या आत आहे असे वाटत असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती वस्तू पुरावस्तू नसल्याचा दाखला आधी घ्यावा. विमानतळावर जकात अधिकाऱ्याशी वाद घालणे व्यर्थ. परदेशी स्थायिक झालेली मराठी कुटुंबे देवघरातील मूर्तींच्या बाबतीत हल्ली सावध असतात, पण घड्याळाविषयी असे काही असेल हे त्यांच्या ध्यानीमनीही नसते.

तेव्हा आमच्यापुढे घड्याळाचे नेमके वय ठरविण्याचा प्रश्न उभा राहिला. राधाबाजारच्या कारागिराने मागचे झाकण उघडले, तेव्हा यंत्रावर पंख असलेल्या वाळूच्या घड्याळाचे चिन्ह आणि एक सात आकडी क्रमांक दिसला. हे चिन्ह लोंजीनचे. या कारखान्याने १८६७ पासूनच्या हस्तलिखित वह्या जपून ठेवल्या आहेत, आणि क्रमांक कळविला तर ते यंत्र कोणत्या दिवशी कोणत्या व्यापाऱ्याच्या नावे पाठविले गेले, हे त्यांतून शोधता येते. आम्ही यंत्राची छायाचित्रे काढली, क्रमांक दोनदा ताडून पाहिला आणि सेंत-इमिएला पत्र धाडले. तारीख १०० वर्षांच्या अलीकडची निघाली तर ते अमेरिकेला जाऊ शकेल, पलीकडची निघाली तर दक्षिण कलकत्त्यातच राहील. उत्तर अद्याप यावयाचे आहे. तोपर्यंत त्याला कोणी चावी द्यावयाची नाही, एवढे मात्र तिघांनीही मान्य केले आहे.